विश्लेषण : फ्रीलान्स लेखकाने चेहरा दाखवावा की लिखाण? व्हिडीओ रेझ्युमेचा फायदा किती, धोका किती?

भिवंडीत ग्रे कापडाचा सौदा होतो तेव्हा व्यापारी ताग्याचे टोक उलगडतो, भिंग लावून एका इंचात धागे किती ते मोजतो, कापड बोटांत चोळून पाहतो आणि मग भाव बोलतो. ते कापड विणणारा दिसतो कसा, बोलतो कसा, हा प्रश्न त्या सौद्यात येत नाही. लेखनाच्या ऑनलाइन बाजारात मात्र उलटे घडू लागले आहे. वेबसाइटचा मजकूर, उत्पादनांची माहिती, जाहिरातीची कॉपी, भाषांतर अशी कामे घरून करणाऱ्यांकडे ‘स्वतःबद्दल सांगणारा एक मिनिटाचा व्हिडीओ पाठवा’ अशी मागणी होते. काही जण कोणी न मागताच असा व्हिडीओ तयार करून लिंक्डइन किंवा इन्स्टाग्रामवर टाकतात आणि त्यातून काम मिळवू पाहतात. या व्हिडीओचा खरोखर उपयोग होतो का, त्यात धोका कुठे आहे आणि भिवंडीसारख्या शहरातल्या लेखकाने तो कसा करावा, याचा हा आढावा.

व्हिडीओ रेझ्युमे म्हणजे नेमके काय?

कागदावरच्या रेझ्युमेत असते ती माहिती कॅमेऱ्यासमोर बोलून सांगणे, इतकाच त्याचा मूळ अर्थ. लांबी साधारण ३० ते ९० सेकंद. पण नोकरी मागणाऱ्याचा व्हिडीओ आणि व्यवसाय करणाऱ्याचा व्हिडीओ यांत मोठा फरक आहे. नोकरीसाठीच्या व्हिडीओत उमेदवार ‘मी कोण’ हे सांगतो. शिक्षण, अनुभव, आवडीनिवडी त्यात येतात. फ्रीलान्स लेखक मात्र उमेदवार नसतो, तो सेवा विकत असतो. त्याच्या ग्राहकाला त्याचे दहावीचे गुण नको असतात. ‘माझे कोणते काम होईल, किती दिवसांत होईल आणि आधी असे काम केल्याचा पुरावा काय,’ एवढेच त्याला हवे असते. बहुतेक व्हिडीओ फसतात ते हा फरक लक्षात न घेतल्यामुळे.

ही कल्पना आली कुठून?

व्हिडीओ रेझ्युमे नवा नाही. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात व्हीएचएस कॅसेटवर असे परिचय पाठवले जात. इंटरनेटच्या काळातले सर्वांत गाजलेले उदाहरण २००६ चे आहे. येल विद्यापीठातील अलेक्सी वेनर या विद्यार्थ्याने यूबीएस या बँकेकडे अर्जासोबत व्हिडीओ पाठवला. त्यात तो वजने उचलत होता, टेनिस खेळत होता, नृत्य करत होता, हाताने विटा फोडत होता आणि यशावर भाषणही देत होता. तो व्हिडीओ बाहेर फुटला आणि काही दिवसांत जगभर चेष्टेचा विषय झाला. एका बँकेसाठी केलेला व्हिडीओ लाखो अनोळखी लोकांनी पाहिला. एकदा पाठवलेला व्हिडीओ पाठवणाऱ्याच्या हातात राहत नाही, हा त्यातला पहिला धडा.

करोनाकाळात या प्रकाराला पुन्हा जोर आला. जुलै २०२१ मध्ये टिकटॉकने अमेरिकेत ‘टिकटॉक रेझ्युमे’ हा प्रयोग केला. टार्गेट, शॉपिफाय, चिपोटले अशा कंपन्यांनी त्यातून थेट अर्ज मागवले. भारतात टिकटॉकवर जून २०२० मध्येच बंदी आली होती. त्यानंतर इथे आलेल्या इन्स्टाग्राम रील्स आणि यूट्यूब शॉर्ट्सने उभ्या, छोट्या व्हिडीओची सवय मात्र घरोघरी पोहोचवली. आता तीच सवय कामाच्या बाजारातही आली आहे.

लेखकाला त्याचा फायदा काय?

फायदा नाही, असे म्हणता येणार नाही. पहिले कारण कृत्रिम बुद्धिमत्ता. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि त्यानंतर कामासाठी येणारे अर्ज एकसारखे दिसू लागले. व्याकरण बिनचूक, वाक्ये गुळगुळीत, पण मागे माणूस आहे की नाही याची खात्री नाही. अशा वेळी आपले काम आपल्या शब्दांत समजावून सांगणारा माणूस दिसला की ग्राहकाचा थोडा विश्वास बसतो.

दुसरे कारण ओळखीचे. मुंबई-पुण्यातल्या जाहिरात संस्थांत कोणी ओळखीचे नसेल, मोठ्या नावांसाठी काम केलेले नसेल, तर नुसता ईमेल उघडलाही जात नाही. एक मिनिटाचा व्हिडीओ निदान पाहिला जाण्याची शक्यता असते.

तिसरे कारण ग्राहकाचे. छोटा व्यापारी पाच पानांचा पोर्टफोलिओ वाचत बसत नाही. दुकानात गिऱ्हाईक नसताना व्हॉट्सअॅपवर आलेला व्हिडीओ मात्र तो पाहतो. त्याच्यापर्यंत पोहोचायचे असेल तर हा मार्ग सोयीचा आहे.

याचा भिवंडीशी काय संबंध?

२०११ च्या जनगणनेनुसार भिवंडी-निजामपूर महापालिकेची लोकसंख्या सात लाखांहून अधिक होती. यंत्रमाग ही शहराची जुनी ओळख आणि मानकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे या पट्ट्यातली गोदामे ही नवी. ऑनलाइन खरेदीचा मोठा माल याच पट्ट्यातून मुंबई महानगरात जातो. पदवी घेतलेल्या तरुणांना तिथे काम मिळते ते बहुधा पॅकिंगचे, बिलिंगचे किंवा स्कॅनिंगचे.

पण प्रत्येक मालासोबत मजकूर लागतो. फ्लिपकार्ट आणि अॅमेझॉन या दोन्ही कंपन्यांनी २०२१ मध्ये मराठीचा पर्याय दिला. तिथे कापड विकणाऱ्याला मालाचे नाव, वर्णन, धुण्याच्या सूचना, ग्राहकांच्या प्रश्नांची उत्तरे लागतात. स्वतःचे इन्स्टाग्राम पान चालवणाऱ्या दुकानदारालाही रोज चार ओळी लागतात. ज्याला अस्तर आणि पॉपलीनमधला फरक कळतो, ज्याने पन्हा, बीम, सायझिंग हे शब्द घरात ऐकलेले आहेत, तो या ओळी बाहेरच्या कोणाहीपेक्षा चांगल्या लिहू शकतो. शिवाय मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू, गुजराती या भाषा या शहरात शेजारी-शेजारी राहतात. दोन-तीन भाषा सहज येणारी मुले-मुली इथे कमी नाहीत. हे भांडवल रेझ्युमेच्या ‘भाषा’ या रकान्यात दिसत नाही. व्हिडीओत ते ऐकू येते.

कामाची पद्धतही ओळखीचीच आहे. यंत्रमागावर जॉबवर्कची मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या हिशेबाने पैशांत ठरते. लेखनात ती शब्दावर पैशांत ठरते. दोन्हीकडे दर पाडणारा दलाल असतो आणि दोन्हीकडे थेट ग्राहक मिळाला तर चार पैसे जास्त सुटतात. व्हिडीओचा खरा उपयोग तो थेट ग्राहक गाठण्यासाठी आहे.

मग हरकत कशाला?

कारण व्हिडीओ लेखनकौशल्य सोडून बाकी सगळे दाखवतो. चेहरा, वय, कपडे, डोक्यावरची ओढणी किंवा टोपी, उच्चार, मागची भिंत, घर किती मोठे आहे, हे सगळे पहिल्या पाच सेकंदांत समजते. लिहिता येते की नाही, हे मात्र साठाव्या सेकंदालाही कळत नाही.

याचे परिणाम काय होऊ शकतात, याचा अंदाज जुन्या अभ्यासातून येतो. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी भारतातील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक होता फक्त नावात. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये ऑक्टोबर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला सकारात्मक प्रतिसाद मिळण्याचे प्रमाण ०.६७ पट होते. मुस्लिम नावासाठी ते ०.३३ पट होते. हा फरक केवळ कागदावरच्या नावाने पडला होता. त्यात चेहरा, उच्चार आणि घरही दिसू लागले, तर पूर्वग्रहाला आणखी निमित्ते मिळतात. भिवंडीसारख्या शहरात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही.

निवड संगणकाने केली तर हा प्रश्न सुटतो, असेही नाही. जर्मनीतील बायरिशर रुंडफुंक या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या पत्रकारांनी २०२१ मध्ये व्हिडीओवरून उमेदवाराचा स्वभाव सांगणारे एक सॉफ्टवेअर तपासले. व्यक्ती तीच, पण चष्मा घातला, डोक्याला रुमाल बांधला किंवा मागे पुस्तकांचे कपाट दिसले की गुण बदलत होते. अमेरिकेतील हायरव्ह्यू या मोठ्या कंपनीने चेहऱ्यावरील हावभावांचे विश्लेषण बंद केल्याचे जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केले. इलिनॉय राज्यात तर अशा विश्लेषणाआधी उमेदवाराची संमती घेणे आणि त्याने मागणी केल्यास ३० दिवसांत व्हिडीओ पुसणे, हे जानेवारी २०२० पासून कायद्याने बंधनकारक आहे.

व्हिडीओत काय असावे?

एक मिनिटात सावकाश बोलले तर मराठीत साधारण ११० ते १२० शब्द बसतात. त्यामुळे आधी लिहून काढणे आवश्यक आहे. लेखकाचा व्हिडीओ आधी कागदावर चांगला असला पाहिजे. त्याचे चार भाग करता येतात.

पहिली १० सेकंदे : नाव, भाषा आणि एकच ठळक काम. ‘मी सर्व प्रकारचे लेखन करते’ या वाक्याने कोणालाच काही कळत नाही. ‘ऑनलाइन कापड विकणाऱ्यांसाठी मी मराठी आणि हिंदीत मालाची माहिती लिहिते,’ हे कळते.

पुढची ३० सेकंदे : कामाचा नमुना, तोही आधी आणि नंतर असा. समजा, दुकानदाराने लिहिले होते, ‘उत्तम दर्जाचे आकर्षक अस्तर.’ लेखिकेने ते बदलून लिहिले, ‘सुती अस्तर, पन्हा ३६ इंच. शिवण्याआधी एकदा पाण्यातून काढा, म्हणजे ब्लाउज नंतर आटणार नाही.’ या दोन ओळी पडद्यावर दाखवल्या आणि बदल का केला हे एका वाक्यात सांगितले, की लेखिकेला माल, ग्राहक आणि भाषा तिन्ही कळतात हे सिद्ध होते.

पुढची १० सेकंदे : काम कसे चालते. किती दिवसांत मिळेल, किती वेळा दुरुस्ती करून मिळेल, दर शब्दावर की कामावर.

शेवटची १० सेकंदे : पुढे काय करायचे. लिखित नमुन्यांची लिंक आणि संपर्कासाठी कामाचा ईमेल. व्हिडीओ संपताना बघणाऱ्याच्या हातात वाचण्यासारखे काहीतरी पडले पाहिजे. व्हिडीओचे काम तिथेच संपते.

काय नसावे, तेही तितकेच महत्त्वाचे. घरचा पत्ता, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, आधार किंवा पॅन कार्ड यांपैकी काहीही नको. ‘कार्ड हातात धरून नाव सांगणारा व्हिडीओ पाठवा’ असे कोणी सांगितले तर ते लेखनाचे काम नाही, हे समजून थांबावे. काम देण्याआधी नोंदणी शुल्क किंवा अनामत मागणाऱ्यांपासूनही दूर राहावे. फसवणूक झालीच तर सायबर हेल्पलाइनचा क्रमांक १९३० आहे.

लूमच्या खडखडाटात रेकॉर्डिंग कसे करायचे?

भिवंडीच्या अनेक वस्त्यांत घर आणि कारखाना यांच्यामध्ये एक भिंत असते. खडखडाट थांबत नाही. त्यावर महागडा माइक हा पहिला उपाय नाही, अंतर कमी करणे हा आहे. बोलणाऱ्याचे तोंड आणि माइक यांतले अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, मागचा खडखडाट मात्र तेवढाच राहतो. मोबाइल तीन फुटांवर ठेवून बोलण्याऐवजी वायरच्या इअरफोनचा माइक हनुवटीखाली टाचला तरी मोठा फरक पडतो. गाद्या, गोधड्या, कपड्यांचे कपाट असलेल्या खोलीत आवाज घुमत नाही. खिडकी पाठीमागे न ठेवता समोर ठेवावी, म्हणजे वेगळ्या दिव्याची गरज पडत नाही.

फाइलचा हिशेबही सोपा आहे. १०८० पिक्सेलचा व्हिडीओ सेकंदाला ८ मेगाबिट धरला तर ६० सेकंदांचे ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी होतात. जीमेलची मर्यादा २५ एमबीची आहे. ७२० पिक्सेल आणि सेकंदाला अडीच मेगाबिट घेतले तर तोच व्हिडीओ सुमारे १९ एमबीत बसतो आणि मोबाइलवर पाहणाऱ्याला फरक फारसा जाणवत नाही. तरीही फाइल जोडण्यापेक्षा ड्राइव्हची लिंक द्यावी. काम झाले की ती बंद करता येते. अर्थात, तोवर कोणी व्हिडीओ उतरवून घेतला असेल तर त्यावर इलाज नाही. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवलेला व्हिडीओही लिंक असलेला कोणीही पाहू शकतो, हे विसरू नये.

उपशीर्षके मात्र हवीतच. अनेक जण आवाज बंद ठेवून व्हिडीओ पाहतात. आणि लेखकाच्या व्हिडीओत शुद्धलेखनाची चूक दिसली, तर बाकीच्या ५९ सेकंदांचा उपयोग राहत नाही. आपोआप तयार होणारी मराठी उपशीर्षके चुकतात. ती हाताने तपासावीत.

चेहरा दाखवायचा नसेल तर?

हा प्रश्न विशेषतः मुलींचा आहे. काहींना चेहरा इंटरनेटवर टाकायला घरून परवानगी नसते, काहींना स्वतःलाच ते नको असते. दोन्ही कारणे पुरेशी आहेत. त्यांच्यासाठी स्क्रीन रेकॉर्डिंग हा उत्तम पर्याय आहे. पडद्यावर एक कच्चा परिच्छेद उघडायचा आणि तो दुरुस्त करत करत आवाजात सांगायचे, ‘हे वाक्य तोडले, कारण ते मोबाइलवर पाच ओळींचे होत होते.’ लेखकाचे डोके कसे चालते हे यातून जितके दिसते, तितके हसऱ्या चेहऱ्यातून दिसत नाही. खरे तर चेहरा दाखवायला हरकत नसलेल्यांनीही हाच प्रकार आधी करून पाहावा.

कायदा काय सांगतो?

नमुने दाखवताना कॉपीराइटचा विचार करावा लागतो. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीत नसलेला लेखक हा साधारणपणे आपल्या लिखाणाचा पहिला मालक असतो आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी स्वरूपात द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. म्हणून हक्क देऊन टाकलेला मजकूर किंवा दुसऱ्याच्या नावाने लिहिलेला मजकूर परवानगीशिवाय व्हिडीओत दाखवू नये. नवख्या लेखकाने दोन-तीन नमुने स्वतःसाठीच लिहावेत आणि ते नमुने आहेत असे स्पष्ट सांगावे.

व्हिडीओ ही वैयक्तिक माहितीच आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तोवर ‘हा व्हिडीओ फक्त निवडीसाठी आहे, इतरत्र वापरू नये आणि काम न दिल्यास पुसावा,’ हे एक वाक्य ईमेलमध्ये लिहून ठेवावे.

पैसे अडकण्याची भीती असेल तर उद्यम नोंदणी उपयोगी आहे. ती मोफत आहे आणि सेवा देणाऱ्या एका व्यक्तीलाही करता येते. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असलेल्याचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत देणे २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याने खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास व्याज लागते आणि ऑनलाइन तक्रार करता येते.

ग्राहकाने काय मागावे?

व्हिडीओ मागणाऱ्यांनीही एकदा स्वतःला विचारायला हवे की आपल्याला नेमके काय तपासायचे आहे. निवेदक किंवा सूत्रसंचालक हवा असेल, तर व्हिडीओ मागणे रास्त आहे. लेखक हवा असेल, तर आधी नमुना वाचावा. तो आवडला तर १५०-२०० शब्दांचे छोटे काम पैसे देऊन करून घ्यावे आणि शेवटी दहा मिनिटे फोनवर बोलावे. समोर खरा माणूस आहे की नाही, हे त्या बोलण्यातून व्हिडीओपेक्षा चांगले कळते. शिवाय आता चेहरा आणि आवाजही कृत्रिमरीत्या बनवता येतो, त्यामुळे व्हिडीओ हा खात्रीचा पुरावा राहिलेला नाही. व्हिडीओ ऐच्छिक ठेवावा. तो दिला नाही म्हणून अर्ज बाजूला टाकू नये.

भिवंडीतील महाविद्यालयांनाही इथे करण्यासारखे आहे. बीएनएन महाविद्यालय किंवा जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय यांसारख्या संस्थांनी भाषा विभागात एक शांत खोली आणि एक साधा माइक ठेवला, आणि विद्यार्थ्यांचे नमुने तपासून देणारा एक शिक्षक नेमला, तर घरात जागा नसलेल्या मुलामुलींची अर्धी अडचण दूर होईल. त्यातही आधी नमुने आणि मग व्हिडीओ, हा क्रम मोडू नये.

ज्याच्याकडे दाखवण्यासारखे तीन चांगले नमुने नाहीत, त्याने व्हिडीओ करण्याची घाई करू नये. ते तीन नमुने आधी लिहावेत. ज्याच्याकडे ते आहेत, त्याने एक मिनिटाचा साधा व्हिडीओ जरूर करावा, तो आधी शहरातल्याच दहा व्यापाऱ्यांना पाठवावा आणि अकराव्या दिवशी त्यांना फोन करून विचारावे, ‘लिहिलेले वाचले का?’